छटा तीच, रंग मात्र दुसराच

आईची खोली रंगवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. ती सकाळी पलंगावर भिंतीला टेकून वाचत बसते. त्या दिवशी उठली, तर तिच्या गडद शालीवर पाठीमागे फिकट हिरवी भुकटी. मी भिंतीवरून बोट फिरवलं, बोटही हिरवट झालं.

वाईट याचं वाटतं की रंग निवडताना आम्ही काहीच कसर सोडली नव्हती. जुन्या पिवळ्या भिंतीवर नमुना लावला तर शेजारच्या पिवळ्यामुळे हिरवा वेगळाच भासतो, म्हणून ठेकेदाराकडून मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून घेतले. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग, ओलं असताना बहुधा फिकट दिसतं, म्हणून पूर्ण वाळू दिलं. मग चार दिवस तो पुठ्ठा खिडकीसमोर, अंधाऱ्या कोपऱ्यात, रात्री पिवळ्या दिव्याखाली धरून पाहिला. शेवटी आईनेच पसंत केला. ठेकेदार म्हणाला, "ताई, अगदी हाच लावतो, नंबर लिहून घेतलाय."

नंबर त्याने खरंच तोच वापरला असेल. पण नंबर असतो छटेचा, रंगाच्या प्रतीचा नाही. पुठ्ठ्यावर होतं धुता येणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन. भिंतीवर त्याने त्याच छटेला जुळवलेलं स्वस्त डिस्टेंपर, म्हणजे खडूसारख्या भुकटीचा रंग, फासलं. वाळल्यावर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, आम्हाला तरी कळला नाही. शालीचा प्रकार झाल्यावर मी पुठ्ठा काढला आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी तो पुसला, मग भिंत. पुठ्ठ्यावरून फडकं स्वच्छ आलं. भिंतीवर फडक्याला हिरवा लगदा लागला आणि खाली पुट्टी दिसायला लागली.

आता आठवतं, रंग आला तोच उघड्या बादलीत. "पाणी घालून तयारच आणलाय, घरात पसारा नको," असं तो म्हणाला आणि मला ते समजूतदारपणाचं वाटलं. दाराशी इमल्शनचे एक-एक लिटरचे दोन रिकामे डबे ठेवलेले होते, तेवढ्यावर माझं समाधान झालं. साधा हिशोबही केला नाही. भिंती साधारण 40 चौरस मीटर. एक लिटर इमल्शन गुळगुळीत भिंतीवर एका हाताला साधारण 10 चौरस मीटर पुरतं. म्हणजे दोन हातांना 8 लिटर हवं. दोन डब्यांत कसं भागणार?

विचारल्यावर तो आधी म्हणाला भिंतीत ओल आहे, मग म्हणाला महिनाभरात रंग पक्का होईल, मग फोन उचलेनासा झाला. बिलावर नुसतं 'रंगकाम' लिहिलेलं. रंगाचं नाव नाही, प्रकार नाही. त्यामुळे भांडायला हातात काहीच नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तुम्ही खोली रंगवणार असाल तर अंदाजपत्रकावरच रंगाचं पूर्ण नाव, प्रकार, छटेचा नंबर आणि किती लिटर लागणार ते लिहून घ्या. डबे तुमच्यासमोर, सील असलेलेच उघडायला लावा आणि लेबलचा फोटो काढा. त्यावर बॅच नंबरही असतो. नमुन्याचा पुठ्ठा काम संपल्यावर टाकून देऊ नका. काम झाल्यावर लगेच घासून पाहू नका, कारण इमल्शनही पूर्ण घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे घेतं. तेवढे दिवस गेल्यावर दाराआडच्या कोपऱ्यात ओलं फडकं फिरवा. शेवटचा हप्ता तोवर हातातच ठेवा. यावर कुरकुरणारा ठेकेदार मी तरी आता घेणार नाही.

सध्या आई बाहेरच्या खोलीत झोपते. भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरवर इमल्शन धरत नाही, पोपडे येतात, त्यामुळे आधी सगळ्या भिंती खरवडून, धुऊन प्रायमर लावावा लागणार आहे. दोन भिंती झाल्या, दोन उरल्या आहेत.