जुन्या सीजे-३बी जीपवर वाळवंटाची तयारी: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. पन्नाशी ओलांडलेली पेट्रोल जीप मूळ इंजिनावर थरच्या वाळवंटातल्या वाळूत चालते, आणि चांगली चालते. मात्र पैसे इंजिनाची ताकद वाढवण्यात घालायचे नाहीत. इंजिन गार राहील, त्याला स्वच्छ हवा मिळेल, पेट्रोल नळीतच उकळणार नाही आणि स्टिअरिंग हातात राहील, एवढ्यावरच घालायचे. गेल्या पावसाळ्याआधी वाळवंटातल्या रेससाठी आमची गाडी बांधून झाली. आधी कोल्हापूरच्या आसपास आणि मग हिवाळ्यात जैसलमेरच्या पश्चिमेकडच्या वाळूत ती भरपूर चालवली. स्वतःची जीप अशी बांधायचा विचार असेल, तर हा अनुभव उपयोगी पडेल.

गाडी १९७१ ची महिंद्रा सीजे-३बी, उंच बॉनेटची. बॉनेट उंच आहे ते आतल्या इंजिनामुळे. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनाची उंची वाढते. २१९९ सीसी, कागदावर ७५ अश्वशक्ती. बोअर ७९.४ मि.मी. आणि स्ट्रोक १११.१ मि.मी., त्यामुळे ते फार फिरत नाही, पण मिनिटाला २००० फेऱ्यांनाच सगळा जोर देतं. आम्हाला मिळाली तेव्हा तिची मूळ बॉडी गेलेलीच होती, मागचा भाग कुणीतरी कापून ऊस वाहायला केला होता. म्हणूनच ती रेससाठी घ्यायला मन तयार झालं. पूर्ण मूळ अवस्थेतली जीप हाती असेल तर कृपा करून तिला पिंजरा (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारी पाइपांची चौकट) बसवू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तशा गाडीचा मान तिथेच आहे. आमची गाडी रस्त्याने जातच नाही, ट्रकवर चढवून नेतो.

आम्ही कुणी व्यावसायिक नाही. एक जण फाउंड्रीत पॅटर्न करतो, एक साखर कारखान्यात फिटर आहे, एकाचं लेथचं वर्कशॉप आहे, मी हिशेब आणि नॅव्हिगेशन बघतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉप-कारखान्यांच्या वस्तीत राहून हा छंद करणं हे भाग्यच. पितळी बुश टर्न करून हवा, ब्लॉक बोअर करून हवा, जुनं कास्टिंग शिवून हवं, तर सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ऑइल इंजिनांवर पिढ्या घालवलेल्या हातांना हे इंजिन परकं वाटत नाही.

सुरुवातीला जवळपास सगळ्यांचा सल्ला एकच होता: डिझेल इंजिन बसवा. आम्ही ज्यांच्याकडे काम केलं त्या मिस्त्रीमामांनी मात्र हेड उघडून बघितलं आणि म्हणाले, “पोरांनो, ह्या इंजनाला हात लावू नका. त्येला गार ठेवा, ते तुमास्नी घिऊन जाईल.” आज त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पूर्ण जीपचं वजनच टनाच्या आसपास. पुढच्या ॲक्सलवर जड डिझेल आलं की उतारावरून टेकडीच्या पायथ्याशी येताना नाक वाळूत घुसतं. आमच्या सोबत सरावाला आलेल्या एका डिझेल जीपचं वारंवार तेच झालं, आणि आमची हलकी जीप तिच्या बाजूने वर निघून गेली.

गार ठेवण्याचं काम सर्वांत जास्त वेळ खाणारं. ब्लॉकचे वेल्श प्लग (पाण्याच्या जागेची पत्र्याची बुचं) काढले तेव्हा पाण्याच्या जागेत गंज आणि बोअरच्या पाण्याचे क्षार घट्ट बसलेले होते. ते खरवडून, धुऊन काढल्याशिवाय मोठा रेडिएटर घालण्यात काही अर्थ नव्हता. मग रेडिएटरचा कोर नव्याने केला, नळ्यांची एक रांग वाढवली आणि पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून कडं, बसवलं. या श्राउडने जो फरक पडला तो दुसऱ्या कशानेच नाही पडला. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे गॅरेजमध्ये सवय आहे. आम्ही तो ठेवला, आणि तापमान एका जागी स्थिर राहतं. वाळूत एक गोष्ट नव्याने कळली. वारा पाठीमागून असेल आणि गाडी हळू चालत असेल, तर रेडिएटरला हवाच मिळत नाही. अशा वेळी थांबायचं झालं तर आम्ही नाक वाऱ्याकडे वळवून थांबतो, इंजिन चालू ठेवून. काटा खाली येतो.

पेट्रोलचा त्रास वेगळा. मूळ पंप इंजिनाला चिकटलेला, त्यात नळी एक्झॉस्टजवळून जाते. उन्हात नळीत वाफ धरली की गाडी बंद. मूळ टाकी सीटखाली असते, ती आम्ही मागे चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये नेली, मध्ये पत्र्याची आडभिंत घातली, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला आणि परतीची नळी ओढली. त्यानंतर वाफ धरलेली नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुन्या रबराच्या नळ्या फुगून मऊ पडतात. सगळ्या नळ्या व्हायटनच्या (अशा पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या) घाला, यात काटकसर नको.

हवेच्या फिल्टरबाबत आमचा उपाय आपल्या भागातलाच. ट्रॅक्टरवर असतो तसा प्री-क्लीनर, ऊसवाहतुकीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून आणलेला, मूळ तेलाच्या एअर क्लीनरच्या आधी, नळी वर उचलून बसवला. जाड धूळ तिथेच फिरून खाली बसते. संध्याकाळी कार्बोरेटरच्या अलीकडची नळी काढून आतून पांढरं फडकं फिरवायचं. फडकं मळलं तर कुठल्यातरी जोडातून धूळ आत जातेय, ती शोधल्याशिवाय दुसऱ्या दिवशी गाडी काढायची नाही. हा नियम आम्ही मोडलेला नाही, आणि कॉम्प्रेशन आजही चारही सिलिंडरना सारखं आहे.

गिअरबद्दल थोडं सविस्तर, कारण याबद्दल कुठे वाचायला मिळत नाही. तीन गिअरचा बॉक्स: पहिला २.८०, दुसरा १.५५, तिसरा सरळ. ट्रान्सफर केस म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारी दुसरी पेटी, तिला हाय आणि लो असे दोन टप्पे; तिचा लो २.४६. म्हणजे लोमधला तिसरा हा हायच्या पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, पहिल्याच्या जवळ येतो, आणि वाळूची टेकडी चढायला नेमका तोच लागतो. ॲक्सलचं प्रमाण ५.३८ आणि आमचे टायर ७.००-१६, त्यामुळे ३००० फेऱ्यांना वेग ताशी ३० ते ३५ किलोमीटर. लोच्या दुसऱ्यावर उठवायची, तिसऱ्यात टाकायची आणि माथ्यापर्यंत हात गिअरकडे न्यायचा नाही, कारण क्लच दाबला की वाळू गाडी तिथेच धरते. चालत्या गाडीत लोवरून हायवर जाणं या ट्रान्सफर केसमध्ये सुखाचं नाही, म्हणून पुढची वाळू कशी आहे हे नॅव्हिगेटरने आधीच सांगावं लागतं. टायरची हवा १५ पीएसआयवर आणली की रबर जमिनीवर लांब पसरतं. याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक सुधारणा नाही.

कोल्हापुरात वाळवंट नाही, मग सराव कुठे? खोडवा न ठेवता नांगरलेलं मित्राचं रान, आणि टोपच्या बाजूला ओळखीच्या खाणमालकाच्या आवारातले क्रश सॅन्डचे ढीग. दोन्ही ठिकाणी गाडीची मजबुती कळते, वाळूचा हात येत नाही. क्रशरची वाळू टोकदार असते, दाणे एकमेकांत अडकून टायरला आधार देतात. थरची वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली, बारीक, ती सरकतच राहते. ती शिकायला तिकडेच जावं लागतं. मसाई पठारावर सराव का करत नाही, असं बरेच जण विचारतात. तिथला मातीचा थर पातळ, त्यावरच पावसाळ्यात फुलांचा गालिचा येतो. एकदा चाकोरी पडली की वर्षानुवर्षं भरत नाही. तिथे गाडी नेऊ नये, कुणीच.

सुरक्षेत काहीही घरगुती नको. पिंजऱ्याच्या मुख्य कमानीला एफआयएचं (जागतिक मोटरस्पर्धा संघटनेचं) किमान माप ४५ मि.मी. व्यास आणि २.५ मि.मी. जाडी, किंवा ५० मि.मी. आणि २ मि.मी., तेही सीडीएस, म्हणजे थंड ओढलेल्या विनाजोड पाइपात. पाण्याच्या पाइपाचे पिंजरे मी पाहिले आहेत. ते दिसायला दणकट असतात, पण उलटल्यावर मुडपतात. हार्नेस, हेल्मेट आणि अग्निशामक घेतल्याशिवाय पत्र्याच्या रंगावर रुपया खर्चू नका. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पर्धा महासंघाचा परवानाही लागतो.

ज्यावर अजून समाधान नाही ते ब्रेक. नऊ इंची ड्रम, त्यात बारीक वाळू शिरते, उतारावर गाडी एका बाजूला ओढते. रोज ड्रम काढून धुणं हाच सध्याचा इलाज. पुढे डिस्क बसवायच्या की नाही यावर टीममध्ये दोन मतं आहेत. माझं मत बसवाव्यात. स्टिअरिंगचा मधला बेल क्रँक झिजला की पुढची चाकं थरथरतात. त्याला गनमेटलचा बुश करून घातला आणि किंगपिनच्या शिम बदलल्या, तेव्हापासून सरळ चालते. पुढे दुहेरी शॉकॲब्सॉर्बर आहेत, तरी खडकाळ पट्ट्यात कंबर मोडते. मुख्य पाटा तुटतो हे धरून एक पाटा आणि यू-बोल्टचा संच कायम सोबत ठेवतो.

वेगाच्या हौसेसाठी ही गाडी नाही. मोकळ्या सपाट पट्ट्यात जिप्सी आमच्या पुढे सहज निघून जाते. पण २०२१ पासून डकार या वाळवंटी रॅलीमध्ये जुन्या गाड्यांचा क्लासिक वर्ग ठरलेला सरासरी वेग सांभाळण्यावर खेळला जातो, आणि तशा प्रकारात ही जीप दिवसभर न तापता एका लयीत चालते, हे आम्ही वाळूत पाहिलं आहे. आमची पुढची तयारी त्याच अंगाने चालू आहे: अचूक ट्रिपमीटर, नॅव्हिगेटरच्या सीटची उंची, आणि मागच्या ॲक्सलचं झिरपणारं ऑइल सील. सुटे भाग मिळतात का, असं विचाराल तर इंजिनाचे बहुतेक मिळतात, ट्रान्सफर केसचे शोधावे लागतात, आणि जे मिळत नाहीत ते उद्यमनगरात करून मिळतात. जुना भाग मात्र नमुन्यासाठी सोबत न्या.