दोरीचा चॉपर, नऊ महिने वापरल्यावर

सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, खाली विळीवर बसणं बंद झालं, म्हणून हा दोरी ओढायचा चॉपर घेतला. 650 मिलीचं भांडं, आत तीन पाती. सकाळी तीन डबे असतात, त्यामुळे एकही दिवस तो कपाटात राहिलेला नाही.

कांद्यासाठी याला तोड नाही. मध्यम आकाराचे दोन कांदे, प्रत्येकाच्या चार फोडी, आणि पोह्यांसाठी चार-पाच आखूड झटके. रश्श्याला दहा-बारा. त्यापुढे ओढत राहिलात तर कांद्याला पाणी सुटतं आणि तो तेलात परतला जाण्याऐवजी शिजतो, लाल होतच नाही. पहिला महिनाभर आमचा रस्सा पांचट का लागत होता, त्याचं कारण हेच. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. खाली लगदा होतो आणि वरच्या फोडी अख्ख्या राहतात.

मिरची-लसूण उत्तम. आल्याचे आधी आडवे पातळ काप करून घ्या, नाहीतर त्याचे दोरे पात्यांच्या दांडीला गुंडाळले जातात. कोथिंबीर फडक्यावर पूर्ण कोरडी करूनच घाला. टोमॅटो घालूच नका.

आता भाजीचं. गवार, फरसबी, भेंडी यांचं चॉपरमध्ये काहीच होत नाही. कोबीचा भुगा होतो, तो पराठ्यांना छान. पण भाजी मोकळी हवी असेल तर गड्डा लांब, बारीक चिरायलाच हवा. खमंग काकडीही मी एकदा यात करून पाहिली. कूट घालायच्या आत भांड्यात पाणीच पाणी. सासूबाईंनी खाल्ली, पण म्हणाल्या, "अगं, काकडी चोचवायची असते." मग त्यांनीच करून दाखवली: डाव्या हातात सोललेली काकडी, टोकाकडून उभे-आडवे बारीक चरे, आणि मग वरचा पातळ थर कापून घ्यायचा, पुन्हा चरे. प्रत्येक कण सुटा, करकरीत. त्या दिवसापासून माझं मत बदललं. बारीक झालं म्हणजे चिरलं असं नव्हे. चव चिरण्याच्या आकारातही असते.

म्हणून चौथ्या महिन्यात लाकडी पाटाची, पातं मिटणारी विळी आणली. ती टेबलावर ठेवून सासूबाई खुर्चीत बसून भाजी चिरतात. घरातली चिरण्याची सूत्रं पुन्हा त्यांच्या हातात आली, याचा मला चॉपरपेक्षाही जास्त आनंद आहे.

निगा राखताना एक चूक टाळा. झाकण नळाखाली धुऊ नका. दोरीची स्प्रिंग त्यातच असते. पाचव्या महिन्यात आमची दोरी ओढली की बाहेरच राहायला लागली. भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी स्क्रू काढून स्प्रिंग कोरडी केली, पुन्हा गुंडाळली, तेव्हा चालू झाली. आता झाकण फक्त ओल्या फडक्याने पुसते. भांडं आणि पाती मात्र लगेच धुते, नाहीतर लसणाचा वास जात नाही.

खरी तक्रार पात्यांबद्दल आहे. सातव्या महिन्यापासून जिथे चार झटके पुरायचे तिथे सात लागतात. सुटी पाती मागितली तर दुकानदार म्हणाला, मिळत नाहीत, नवा चॉपरच घ्या. ती छोटी वाकडी पाती धारवाल्यानेही हातात घेऊन परत दिली. विळीच्या पात्याला मात्र त्याने तिथेच चाक फिरवून धार लावली.