एअर रायफलचे छर्रे: वजन नंतर बघा, आधी मागची कड बघा

"डबीचं सील फोडलंय, आता परत घेता येणार नाही." दुकानदाराचं हे एकच उत्तर. सील फोडल्याशिवाय आतले छर्रे चेपलेत की नाही हे गिऱ्हाइकाला कळणार कसं, ते मात्र तो सांगत नाही. बरेच दिवस फोन केले, फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. शेवटी त्याने फोन उचलणंच बंद केलं. ५०० छऱ्यांची डबी. नाव तेच, वेष्टण तेच, भाव आधीच्या डबीपेक्षा थोडा चढाच. पण पहिल्या डबीने १० मीटरवर पाच छऱ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची आणि या डबीने दहाच्या नाण्याखालीही मावेनात. रायफल तीच, हात तेच, जागा तीच.

रायफल देशी बनावटीची, स्प्रिंगची, नळी खाली दुमडून भरायची, ४.५ मिमीच्या छऱ्याची. तिच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तीच असेल. ताकद २० ज्यूलच्या आतली आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्न आला नाही. घेतली पुतणीसाठी. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात नेमबाजी बसली. आमचं गाव यावल तालुक्यात. रेंज गाठायची तर जळगावची वारी, ती रोज परवडत नाही. म्हणून घरामागच्या खळ्यात, केळीच्या गोडाऊनच्या भिंतीलगत टेपने १० मीटर मोजून जागा केली. समोर लाकडी खोकं, त्यात जुन्या गोधड्यांच्या चिंध्या गच्च ठासलेल्या, मागे लोखंडी पत्रा. डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय कोणी रायफलला हात लावत नाही, हा आमच्याकडचा नियम.

दारूच्या बंदुकीत जाणकार माणूस दारूचा प्रकार आणि गोळीचं वजन जुळवून नेम बसवतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये दारूच नाही. ताकद स्प्रिंगने ठरवून टाकलेली, आपल्या हातात उरतो फक्त छर्रा. आणि स्प्रिंग छऱ्याच्या बाबतीत फार चोखंदळ असते. घोडा दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि समोरची हवा दाबतो. छर्रा फार हलका असेल तर तो लगेच निसटतो, मग पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो समोर जाऊन आदळतो. छर्रा फार जड असेल तर हवा अडते आणि पिस्टन उसळी खाऊन मागे येतो. छर्रा नळीबाहेर पडायच्या आत हे सगळं होऊन जातं, त्यामुळे रायफल हातात एकदा मागे आणि एकदा पुढे अशी दोनदा हलते. म्हणून ती करकचून धरायची नाही, पुढचा हात नुसता आधाराला ठेवायचा. आणि छर्रा न घालता घोडा कधीच दाबायचा नाही. पाहुणे आले की "बघू तर खरं" म्हणत हमखास हेच करतात. तसं केलं की पिस्टनचा सगळा मार त्याच्या टोकाच्या हवाबंद सीलवर आणि स्प्रिंगवर बसतो.

सुरुवातीला वजनाचंच वेड होतं. सगळे ग्रेनचे, म्हणजे छऱ्याच्या वजनाच्या इंग्रजी मापाचे, आकडे सांगतात. जर्मन आरडब्ल्यूएस कंपनीचा आर-१० रायफलसाठी ०.५३ ग्रॅम, चेक जेएसबीचा गोल डोक्याचा एक्झॅक्ट ०.५४७ ग्रॅम, म्हणजे ८.४४ ग्रेन. देशी डबीवर वजन छापलेलं असतं, पण आत तेवढंच भरतं का, हे बघायचं होतं. जळगावचा सराफ बाजार जवळ असताना काट्यासाठी शोधाशोध करायची वेळ यायला नको. सराफ बाजारात माझा शाळेतला मित्र आहे, त्याच्याकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना डबी घेऊन गेलो. तो आधी वैतागला. "अरे भो, हे शिसं आहे, सोनं नाही. धूळ पडली तर माझा काटा बिघडेल." मग कागद टाकून त्याने स्वतःच एकेक छर्रा तोलायला घेतला, आणि एकदा बसल्यावर उठेना. देशी डबीत ०.४६ पासून ०.५३ ग्रॅमपर्यंत सगळी वजनं निघाली. परदेशी डबीतले बहुतेक छर्रे दोन-तीन मिलिग्रॅमच्या फरकात.

मला वाटलं, सापडलं कारण. घरी येऊन वजनाप्रमाणे पुड्या बांधल्या, पुड्यांवर आकडे लिहिले आणि एकेक पुडी स्वतंत्र मारून बघितली. फरक पडला, पण एवढ्या खटाटोपाच्या मानाने किरकोळ. एकाच वजनाच्या पुडीतूनही पाचातला एखादा छर्रा लांब पळायचाच. तो का पळतो, हा प्रश्न सुटेना.

उत्तर मित्रानेच दिलं, तेही सहज. डोळ्याला भिंग लावून तो दागिन्याचा कोंदण बघतो तसा त्याने छर्रा उलटा धरला आणि म्हणाला, "याची कड बसलीय बघ." छऱ्याचं डोकं भरीव असतं, मध्ये कंबर, आणि मागे पोकळ स्कर्ट. स्कर्टची कड कागदासारखी पातळ आणि शिसं मुळात मऊ. मशीनमधून पडताना, पोत्यातून डबीत भरताना, कुरिअरच्या गाडीत आपटताना ती कड कुठेतरी आत दबते. नुसत्या डोळ्याला गोल दिसते. भिंगातून बघितलं की एका बाजूला नखाने दाबल्यासारखी खोच.

आता तेवढीशी खोच का नडते? हवेचा दाब मागून येतो तेव्हा स्कर्ट फुलून नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट बसतो. तिथेच हवा अडते, तिथेच छऱ्याला फिरकी मिळते. कड एका बाजूने दबलेली असली तर त्या फटीतून हवा पुढे निसटते. शिवाय नळी सोडताना सगळ्यात शेवटी कडच बाहेर पडते. ती वाकडी असली तर बाहेर पडायच्या क्षणाला छऱ्याला एका बाजूने धक्का बसतो आणि तो डुलत जातो. मोठ्या रायफलच्या गोळीबाबतही जाणकार हेच सांगतात की टोकाला ओरखडा आला तरी फारसं बिघडत नाही, बुडाची कड खराब झाली की नेम गेला. लोक मात्र डबी उघडून छऱ्याचं डोकं बघतात, कारण दिसतं ते डोकं.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. खिडकीत उजेडाला काच आडवी ठेवायची. छर्रा काचेवर ठेवून बोटाने हलकेच ढकलायचा. डोकं आणि स्कर्ट एका मापाचे नसल्यामुळे चांगला छर्रा सरळ जात नाही, सुबक गोलाई घेऊन वळतो आणि शांत थांबतो. कड बसलेला छर्रा लंगडतो. टक्, टक्, टक् करत प्रत्येक फेऱ्याला एकदा उडतो. आवाजसुद्धा येतो. पुतणी आता डोळे मिटून सांगते कुठला बाद. या पद्धतीने निवडलेले देशी छर्रे मारले आणि लांब पळणारा तो पाचवा छर्रा जवळजवळ गायब झाला. वजनाच्या पुड्या करून जे झालं नाही ते काचेच्या तुकड्याने झालं.

१० मीटरला हे किती महत्त्वाचं, ते टार्गेटच्या मापावरून कळतं. दहा गुणांचा ठिपका व्यासाने ०.५ मिमी, नवाचं वर्तुळ ५.५ मिमी, त्यापुढे प्रत्येक वर्तुळ ५ मिमीने मोठं. छर्रा स्वतः ४.५ मिमी आणि नुसता रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे मध्यापासून २.५ मिमी सरकलात की नवावर यायची वेळ आली आणि ५ मिमीपुढे गेलात की आठवर. मोठ्या स्पर्धेत ६० शॉट असतात, २०१८ पासून महिलांनाही ६०. पोरीने श्वास सांभाळला, घोडा बरोबर दाबला आणि गुण गेला तो डबीतल्या चेपलेल्या शिशामुळे, हे मला सहन होत नाही. ती स्वतःला दोष देत बसते. तिला वाटतं आपला हात हलला. शिकणाऱ्या मुलाच्या हातात खराब छर्रा देणं म्हणजे त्याला खोटं शिकवणं आहे, आणि दुकानदाराशी मी भांडलो ते याचसाठी.

आता परदेशी डबीबद्दल. माझ्याकडे ती देशीच्या तिप्पट भावाने पडते. मी तिच्या विरोधात होतो, आता तेवढा नाही. देशी डबीतले जवळपास एक तृतीयांश छर्रे काचेवर बाद होतात, ते धरून हिशेब केला तर तिप्पटीचा फरक दुपटीच्या आसपास येतो. तरीही रोजच्या सरावाला मी देशीच घेतो. बाद छर्रे फेकत नाही. रिकाम्या बॉलपेनचं निमुळतं टोक स्कर्टमध्ये घालून हलकेच फिरवलं की कड बरीचशी गोल होते. असे दुरुस्त छर्रे उभं राहण्याच्या आणि घोडा दाबण्याच्या सरावाला चालतात, गुण मोजायचे तेव्हा नाही. खोक्यातल्या चिंध्यांमधून निघालेलं शिसं भंगारवाला घेतो. घरच्या चुलीवर ते वितळवायच्या भानगडीत कोणी पडू नका, शिशाची वाफ विषारी. छर्रे तोंडात धरायची सवय काही जणांना असते, तीही सोडा. सराव झाला की साबणाने हात धुवायचे, मगच भाकरीला हात.

डोक्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. कागदावर गुण मोजायचे तर सपाट डोक्याचा छर्रा, तो गोल स्वच्छ भोक पाडतो. टोकदार छर्रे दुकानात फार खपवतात, मला त्यांचा एकही गुण सापडला नाही. केळीच्या बागेच्या बांधावर, पलीकडे मातीची पाळ बघून २५ मीटरवर मारून बघितलं, तेव्हा सपाट छर्रे पसरले आणि गोल डोक्याचे जेएसबी एकत्र राहिले. त्या अंतरावर मात्र वजनाची निवड कामाला आली, सराफाकडची मेहनत वाया गेली नाही.

शेजारचे काका म्हणाले, "दादर ज्वारीवर पोपट बसतात, दोन-चार उडव." स्पष्ट नाही म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पोपटाला संरक्षण आहे. आणि कायदा नसता तरी पोरीला मी जिवावर नेम धरायला शिकवणार नाही. त्यांना गोफण आणि डबा वाजवायचा सल्ला दिला, ते रागावले, पण नंतर बोलायला लागले.

उन्हाळ्याचा अनुभव खान्देशातल्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. भुसावळच्या एका ओळखीच्या मुलाकडे स्प्रिंगऐवजी गॅस भरलेल्या पिस्टनची रायफल आहे. हिवाळ्यात पहाटे १० अंश आणि मे महिन्यात ४४ अंश, म्हणजे केल्विनमध्ये २८३ ते ३१७. बंद नळकांड्यातल्या गॅसचा दाब त्याच प्रमाणात, १२ टक्क्यांच्या आसपास वाढतो. हिवाळ्यात बसवलेली साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्याला उन्हाळ्यात पुन्हा बसवावी लागली. माझ्या स्प्रिंगला तेवढा त्रास नाही, पण ग्रीस पातळ होऊन पुढे सरकतं आणि कधी कधी नळीतून धूर येतो. तो धूर म्हणजे दाबाने तापलेल्या हवेत तेल जळतंय. त्या शॉटला वेग भलताच येतो आणि नेम जातो. शिलाई मशीनचं तेल हवेच्या भोकात सोडणारे लोक हे स्वतःहून ओढवून घेतात. सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब पुरतो, तोही क्वचित.

पावसाळ्यात उघड्या डबीतल्या छऱ्यांवर पांढरी भुकटी धरली. तो शिशाचाच गंज आहे, फुंकर मारू नका. तसे छर्रे मी बाजूला काढले आणि नवी डबी आता घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो, तळाला फोमचा तुकडा, म्हणजे हलवाहलवीत कडा आपटत नाहीत.

भांडणाच्या त्या डबीचं काय झालं? तिच्या झाकणामागचा लॉट नंबर, म्हणजे कुठल्या खेपेत माल बनला त्याचा आकडा, पहिल्या डबीपेक्षा वेगळा निघाला. दुसऱ्या लॉटचा साचा वेगळा असू शकतो, म्हणून मोठे नेमबाज आपल्या रायफलला चालणारा लॉट शोधून त्याच लॉटच्या डब्या एकदम उचलतात. आपल्याला पेटी परवडत नाही, पण तिघा-चौघा पालकांनी मिळून एका लॉटच्या डब्या घेतल्या तर जमतं. आमच्याकडे फैजपूर आणि सावद्याचे दोन पालक तयार झालेत. पुढची मागणी आम्ही एकत्र देणार आहोत. आधी एकच डबी मागवायची, काचेवर तपासायची, तीन रायफलींवर मारून बघायची आणि पटली तरच त्याच नंबरच्या बाकीच्या डब्या घ्यायच्या. नव्या दुकानदाराने लॉट नंबर बघून पाठवायचं कबूल केलंय.