घरबसल्या लर्निंग लायसन्स: परीक्षेत पास, लायसन्स मात्र खोटं

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेची तयारी मोबाईलवर करत असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. माझी रीतसर परीक्षा झाली, निकाल लागला, मी पास झाले आणि माझ्या फोटोसकट लायसन्सची पीडीएफ आली. यातलं सरकारी काहीही नव्हतं. परीक्षासुद्धा नाही.

हे पचनी पडायचं कारण म्हणजे त्याचा पाया खरा आहे. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या पडताळणीवर लर्निंग लायसन्सची परीक्षा घरून देता येते. सारथी या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज करायचा, फी भरायची, तिथेच परीक्षा द्यायची, पास झालं की लायसन्स डाउनलोड करायचं. आरटीओत पाऊल टाकावं लागत नाही. तेव्हा "घरबसल्या परीक्षा, आरटीओच्या चकरा नाहीत" असं कुणी लिहिलं तर शंका कशाची घ्यायची? ते वाक्य खरंच आहे. लिहिणारा खोटा असतो.

मला स्कूटर आणि कार दोन्हींसाठी लायसन्स हवं होतं. मराठीत सराव परीक्षा शोधली तर सगळ्यात वर एक जाहिरात आली. पान उघडलं तर अशोकस्तंभ, निळी पट्टी, वर धावणारी सूचना, कोपऱ्यात गाडीचं चित्र. पत्त्यात 'सारथी' होतं, 'परिवहन'ही होतं. नव्हतं ते शेवटचं 'डॉट जीओव्ही डॉट इन', आणि फोनच्या अरुंद पट्टीत पत्त्याचं शेपूट दिसत नाही. सारथीचं खरं पान परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन याच पत्त्याच्या पोटात आहे. बाकी नावात कितीही सरकारी शब्द कोंबले तरी तो कुणाचा तरी खासगी धंदा असतो.

पहिली मागणी २९९ रुपयांची होती, 'अधिकृत प्रश्नसंच' म्हणून. पैसे भरताच व्हॉट्सॲपवर दीडेकशे प्रश्नांची पीडीएफ आली आणि तिच्या पाठोपाठ "नमस्कार मॅडम, मी आपला परीक्षा सहायक" असा मेसेज. भाषा इतकी अदबशीर की आरटीओच्या खिडकीवर कुणी कधी ऐकली नसेल.

या पीडीएफबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तयारी करणाऱ्याचं खरं नुकसान तिच्यात आहे. पहिली काही पानं ठीक होती. सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, हेल्मेट. पुढे गाडी घसरली. 'लाल दिव्यावर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्यास उजवीकडे वळता येते: बरोबर.' 'ओव्हरटेक कोणत्या बाजूने करावे? डाव्या.' 'फायर हायड्रंटपासून १५ फूट अंतरावर पार्किंग करू नये.' 'रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के.' एका प्रश्नात वेग ताशी मैलांत. कुणीतरी अमेरिकेतल्या लर्नर परीक्षेचे प्रश्न उचलून मशीनकडून मराठीत करून घेतले होते आणि वर अशोकस्तंभ चिकटवला होता.

आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, ओव्हरटेक उजवीकडून करायचं, गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तिकडे हे सगळं आरशातल्यासारखं उलटं. मद्याची मर्यादा आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्या पीडीएफमधल्या आकड्याच्या निम्मीसुद्धा नाही. दंडाचे आकडेही जुने होते. लायसन्स नसताना गाडी चालवल्यास ५०० रुपये असं छापलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ते ५,००० आहेत. दारू पिऊन चालवल्याचा पहिला दंड २,००० वरून १०,००० वर गेला, हेही त्या संचाच्या गावी नव्हतं. हा संच मन लावून पाठ करणारा मुलगा परीक्षेत नापास होईल, ते एक वेळ परवडलं. तो डावीकडून ओव्हरटेक करायला लागला तर?

मी विचारलं, की ओव्हरटेकचं उत्तर उलटं कसं? उत्तर आलं, "मॅडम, नवीन नियम आलेत. परीक्षेत असंच विचारतात." वर हात जोडलेला इमोजी. मग १,४५० रुपयांची दुसरी मागणी: परीक्षेचा स्लॉट, दोन्ही गाड्यांची फी, 'पास गॅरंटी'. यूपीआयची पावती एका माणसाच्या नावाने आली. "विभागाचे अधिकृत कलेक्शन एजंट आहेत," असं स्पष्टीकरण तयार होतं. असल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे एक वाक्य तयार असतं आणि ते लगेच येतं, ही पण एक खूणच म्हणायची.

खरी फी ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत लर्निंग लायसन्सला गाडीच्या प्रत्येक प्रकारामागे १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये आहेत. दोन प्रकार म्हणजे ३५० च्या आसपास. नापास झालात तर पुन्हा परीक्षेचे ५०. ज्या परीक्षेत नापास व्हायची किंमत ५० रुपये आहे, तिची 'पास गॅरंटी' हजारात विकली जाते, कारण माणसाला फीची नाही, नापास व्हायची धास्ती असते. चाळिशीनंतर पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्या बाईला तर जास्तच. मुलांसमोर नापास होणं कुणाला आवडतं! हे लोक नेमकं त्यावर बोट ठेवतात.

त्यांची परीक्षा अगदी परीक्षेसारखी होती. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला उलटं मोजणारं घड्याळ, कोपऱ्यात माझाच चेहरा. आकडासुद्धा जुळत होता, कारण आपल्या राज्यात खऱ्या परीक्षेतही १५ प्रश्न असतात आणि ९ बरोबर यावे लागतात. ओव्हरटेकचा प्रश्न आलाच. मी 'उजवीकडून' निवडलं आणि लाल फुली आली. शेवटी हिरव्या पडद्यावर अभिनंदन. काहीही उत्तरं दिली असती तरी तोच हिरवा पडदा आला असता असं आता मला वाटतं. नापास झालेला माणूस प्रश्न विचारतो, पास झालेला पेढे आणायला जातो.

दुसऱ्या दिवशी लायसन्सची पीडीएफ आली आणि तिच्या मागोमाग फोन. "मॅडम, लायसन्स ॲक्टिव्हेट करायचंय, आधारचा ओटीपी आला असेल तो सांगा." मी म्हटलं, कुठे टाकायचा ते सांगा, मी टाकते. "तसं होत नाही, आमच्या सिस्टीमवरच टाकावा लागतो." मी नकार दिला. आवाज बदलला, अदब उडाली, "मग तुमचं लायसन्स ब्लॉक होईल, नंतर आम्हाला बोलू नका." परत मिळतील असं सांगून 'पडताळणीचे' ९९९ रुपये मागितले, तेही दिले नाहीत. सगळी धडपड त्या सहा आकड्यांसाठी होती. खऱ्या अर्जात आधारचा ओटीपी लागतो, पण तो अर्जदार स्वतः सारथीवर टाकतो. तो तोंडी दुसऱ्याला सांगायची वेळ येतच नाही. घरबसल्या परीक्षेची सोय सुरू झाल्यावर आपल्याच राज्यात एजंटांनी उमेदवारांच्या जागी परीक्षा दिल्याची प्रकरणं उघडकीला आली होती. त्यांच्या हाती ओटीपी जाणं म्हणजे काय, ते यावरून समजून घ्या.

पितळ उघडं पडलं ते मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शिकवणारे सर गाडीत बसवायच्या आधी प्रत्येकाचं लर्निंग तपासतात. त्यांनी माझा कागद हातात घेतला, क्षणभर बघितलं आणि विचारलं, "ताई, हे कुठून काढलंत? वैधता वर्षाची कशी काय?" लर्निंग लायसन्स सहा महिन्यांचं असतं. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते आणि त्या सहा महिन्यांतच ती उरकावी लागते. माझ्या कागदावर बारा महिने होते. मग त्यांनी सारथीवर नंबर टाकून बघितला, नोंद नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याच खोट्या साइटचं पहिलं पान उघडलं. "आणि तुमचं मेडिकल कुठे लावलं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. चाळिशीच्या वरच्या अर्जदाराला डॉक्टरांचं फॉर्म १-अ प्रमाणपत्र लागतं. माझं वय त्या साइटच्या अर्जात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि तरी कुणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. खऱ्या व्यवस्थेत कागदांची कटकट असते. कटकटच नसेल तर समजा की पलीकडे व्यवस्था नाही.

असला कागद घेऊन रस्त्यावर उतरणं म्हणजे बिनलायसन्स गाडी चालवणं. पोलिसांनी पकडलं तर दंड आपल्याला, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देताना हात आखडता घेते. पीडीएफ पाठवणारा तोवर दुसऱ्या नंबरवर दुसऱ्या कुणाला तरी नमस्कार मॅडम म्हणत असतो.

आता खऱ्या तयारीचं. सारथीवर लर्निंग लायसन्सच्या यादीत सराव परीक्षा आहे, फुकट. मी नंतर तीच केली आणि खरी परीक्षाही सारथीवरच दिली. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावाच लागतो. लोक तो चालू ठेवून चहा करायला जातात, पण बघण्यासारखा आहे. चिन्हांचा आकार डोक्यात बसला की अर्धं काम होतं. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी धोका सांगते, आयताकृती माहिती देते. थांबा ही अष्टकोनी, आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण. पार्किंग मनाईला एक तिरपी रेघ असते, थांबायलाच मनाई असेल तर फुली. माझी गडबड नेहमी या दोघांत व्हायची. 'एल' पाटीचा प्रश्नही हमखास असतो. पांढऱ्यावर लाल अक्षर, पुढे आणि मागे दोन्हीकडे, आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस. एवढ्यासाठी २९९ रुपये!

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकी सगळं नंतर. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता यायची शक्यता जास्त. त्यांना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हवा असतो, तो हाताशी ठेवा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर. चॅट रागाने डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि पानाचा पूर्ण पत्ता कॉपी करून ठेवा, कारण ती पानं आठवड्याभरात गायब होतात. माझं तसंच झालं. आधार दिलं असेल तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर बायोमेट्रिक लॉक करा आणि तिथेच पडताळणीची नोंद बघा, आपण न केलेली एखादी दिसते का. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाईल कनेक्शन आहेत तेही कळतं. माझ्या नावावर भलतं काही निघालं नाही.

माझ्या १,४५० रुपयांपैकी काही रक्कम एका खात्यात गोठवली आहे, २९९ गेलेच. त्यानंतर एक नवीनच फोन आला: "सायबर विभागातून बोलतोय, तुमची अडकलेली रक्कम सोडवायची आहे, ४९९ रुपये प्रोसेसिंग फी भरा." तक्रार क्रमांक विचारला तर त्याने मलाच तो सांगायला लावायचा प्रयत्न केला. त्याचा फोन नंबरही मी त्याच तक्रारीला जोडला आहे.