टोरांटोचे १८५६चे फोटो भिंतीवर: काही महिन्यांनंतर

टोरांटोत नवं घर घेतलं की भिंतीसाठी सगळे सीएन टॉवरचं पोस्टर सुचवतात. आम्ही त्याऐवजी शहराचा १८५६-५७चा पॅनोरमा, म्हणजे गोल फिरत काढलेले फोटो जोडून केलेलं सलग चित्र, लांबलचक छापून घेतला. अख्खा हिवाळा तो दिवाणखान्यात टांगून ठेवल्यावर मत असं: जरूर घ्या, पण शोभेसाठी घेणार असाल तर राहू द्या.

कॅनडा प्रांत या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीची राजधानी कुठे असावी हा वाद तेव्हा व्हिक्टोरिया राणीकडे गेला होता. आपलं घोडं पुढे दामटायला टोरांटोने आर्मस्ट्राँग, बीअर अँड हाइम या फर्मकडून २५ फोटो काढून घेतले. त्यातले साधारण निम्मे किंग आणि यॉर्क रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या रॉसिन हाउस हॉटेलच्या छतावरून, गोल फिरत घेतलेले; आमचा पॅनोरमा तो हाच. राणीने १८५७च्या अखेरीस ओटावाच्या पारड्यात माप टाकलं. संच लंडनमध्ये परराष्ट्र खात्याच्या ग्रंथालयात पडून राहिला तो थेट १९७९मध्ये सापडला. शहराचे माहीत असलेले सर्वांत जुने फोटो हेच.

म्हणजे ही चक्क जाहिरात आहे, आणि मजा तिथेच आहे. मिरवायला उंचावर चढल्यावर खालची परसं झाकणार कशी? दर्शनी बाजूला रुबाबदार विटांच्या इमारती, मागे फळ्यांची कुंपणं, खोपटी आणि धुराड्यांची दाटी. रोज चहा पिताना एखादा कोपरा नव्याने दिसतो. रस्ते मात्र ओस. कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर ठसा उमटायला वेळ लागायचा, चालता माणूस उमटतच नसे. १८६१च्या शिरगणतीत जवळपास ४५ हजार वस्ती असलेलं गाव, पण पाहुणे हमखास विचारतात, "रविवार होता का?"

तळ्याने थोडी निराशा केली. बंदराचं गाव म्हटल्यावर शिडांची गर्दी दिसेल असं वाटतं. आमच्या प्रिंटमध्ये लेक ओंटारियो म्हणजे आकाशात मिसळलेला फिकट पट्टा. तरी दक्षिणेकडचा भाग मला सगळ्यांत आवडतो. फ्रंट स्ट्रीट खरोखरच काठावर होता. उत्तरेची रेल्वे १८५३ला आली, हॅमिल्टनची १८५५ला, माँट्रियलची १८५६ला, आणि रुळांना जागा हवी म्हणून पाण्यात भराव पडू लागले. आजचं युनियन स्टेशन आणि तो सीएन टॉवर, दोन्ही त्या भरावावर. फेरीबोटीने आपण जातो ती बंदरासमोरची बेटंही तेव्हा बेटं नव्हती, जमिनीला चिकटलेला वाळूचा दांडा होता. १८५८च्या वादळाने तो फोडला. एवढं ठाऊक असलं की त्या फिकट पट्ट्याकडे नजर आपोआप वळते.

आता व्यवहाराचं. छपाईवाल्याने आमच्याकडे फोटोंचे दोन जोड धड बसवले नाहीत, एक छप्पर अर्ध्यातच तुटतं. शिवाय 'उठाव यावा' म्हणून काळा रंग वाढवला, त्यात सावलीतले बारकावे गेले. आधी छोटा नमुना मागा, आणि रंगाला हात लावू नका म्हणून बजावून सांगा. चकचकीत काच नको. दुपारी चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं.

भिंत लहान असेल तर पॅनोरमाच्या वाटेला जाऊच नका. त्याच संचातला ऑस्गुड हॉल या जुन्या न्यायालयीन इमारतीचा सुटा फोटो घ्या. त्यात इमारतीवर घुमट आहे, जो लगेचच्या डागडुजीत काढून टाकला. आज तिथून रोज जाणाऱ्यालाही ती इमारत पटकन ओळखता येत नाही.