‘बुरशी न धरणारं’ बदक आणि तळाचा गोंद

मुलांच्या आंघोळीच्या खेळण्यांची जाहिरात म्हणते: छिद्र नाही, पाणी शिरत नाही, बुरशी धरत नाही. किंमत साध्या संचाच्या दुप्पट. घरी मात्र येतं तेच पिचकारीचं मऊ बदक, तळाच्या छिद्रात पारदर्शक गोंदाचा थेंब घातलेलं आणि वर गोल स्टिकर लावलेलं. जादा पैसे त्या थेंबाचे घेतलेले असतात.

हा थेंब टिकत नाही. ही खेळणी मऊ पीव्हीसी या प्लास्टिकची असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेला तेलकट पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि गोंदाची पकड सुटते. मूल बदक दाबतं तेव्हा आतली हवा गोंदावर जोर लावते. कोमट पाण्यात हवा प्रसरण पावते, निवली की आकसते आणि फटीतून पाणी आत ओढते. केसाएवढी फट पुरते. उघड्या छिद्राचं बदक निदान पिळून रिकामं करता येतं, यातलं पाणी आतच अडकतं. म्हणून हे साध्यापेक्षा वाईट. घरी गरम गोंदाने छिद्र बुजवलं तरी हेच होतं.

‘स्वच्छ पाणी वापरा, बुरशी येणार नाही’ हे विक्रेत्यांचं उत्तरही खोटं आहे. 2018 साली स्वित्झर्लंडमधल्या आणि अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी घरांत वापरलेली 19 खेळणी कापून पाहिली. सगळ्यांच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर होता, 11 मध्ये बुरशी होती. मऊ प्लास्टिकमधून पाझरणारा कार्बनच त्यांचं खाद्य होतो, साबण आणि अंगाचा मळ त्यात भर घालतात.

त्यामुळे पाकीट आलं की खेळणं मुलाच्या हाती देण्याआधी तपासा. पाकिटावरचा पत्ता दिसेल असा, न थांबवता व्हिडिओ घ्या. स्टिकर काढा आणि टॉर्चच्या उजेडात तळ बघा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर खेळणं कोरडं असताना तोला. मग बादलीत कोमट पाण्याखाली धरून दहा वेळा दाबा आणि दाब पाण्यातच सोडा. एक बुडबुडा आला तरी फट आहे. बाहेरून नीट पुसून पुन्हा तोला: तीन ग्रॅम वाढले तर आत तीन मिलिलिटर पाणी आहे.

आयएसआय चिन्ह दाखवून विक्रेते बुरशीच्या प्रश्नाला बगल देतात. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांवर ते सक्तीचं आहे, त्यामुळे ते असायलाच हवं, आणि त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर पडताळता येतो. पण ते चिन्ह जड धातू, सुटणारे भाग, आग अशा धोक्यांबद्दल आहे. बुरशीची हमी ते देत नाही.

दुसरी लूट खेळणी साफ करायच्या, पाण्यात फेसाळणाऱ्या गोळ्यांची. फेस येतो तो खायचा सोडा आणि आम्ल एकत्र आल्याचा, आणि त्यात दोघांचाही जोर संपतो. आतला थर घासल्याशिवाय निघत नाही आणि तिथे ब्रश पोचत नाही. दाबल्यावर काळे कण आले की खेळणं फेकून द्या. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

घ्यायचंच असेल तर एकसंध ठोकळे, तळाला भोकं असलेले पेले, किंवा दोन भागांत उघडणारी सिलिकॉनची खेळणी घ्या. आंघोळ झाली की ती उघडून, जाळीच्या पिशवीत, न्हाणीघराबाहेर टांगा. पावसाळ्यात पंख्याखाली.

‘लहान मुलांची वस्तू, परत घेत नाही’ असं उत्तर आलं तर दबू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तक्रारीआधी जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा. तक्रार गेली की ‘छिद्र नाही’ हे शब्द पानावरून गायब होऊ शकतात.