भंगारातल्या पाइनचं गिटार कॅबिनेट: एका पावसाळ्यानंतर

फेंडर कंपनीच्या जुन्या, ट्वीड कापड चढवलेल्या गिटार अँपच्या धर्तीवर, मागून उघडं, एका बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवायचं खोकं, मी भंगारातल्या सामानातून करून घेतलं. दिवाळीनंतर ते वाजतं झालं, मधे अख्खा पावसाळा गेला. आता बोलायला हरकत नाही.

आधी लाकूड. पाडलेल्या वाड्यांचं सागवान पुण्यात अजून मिळतं आणि जो तो तेच घे म्हणत होता. मी घेतलं नाही. १९५०च्या दशकातली ती कॅबिनेटं साध्या पाइनची होती, आणि तो आवाज हवा असेल तर खोकं हलकंच पाहिजे, थोडं थरथरणारं पाहिजे. सागवानाचं कपाट करा, शंभर वर्षं टिकेल. मला परदेशी मशिनरीच्या पॅकिंगचं पाइन मिळालं. फळीवरचा शिक्का मात्र बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका. खिळे उपटून, रंधा मारून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडी उरली. तेवढी पुरते.

कोपऱ्यांना फिंगर जॉइंट, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे सांधे, घालायला सुतार नाखूश होता. “दादा, स्क्रू मारतो की, दिसणार कुणाला?” पण पाइनमध्ये स्क्रू कालांतराने सैल होतात. आज सगळे सांधे जागेवर आहेत, त्यामुळे ती मजुरी वसूल झाली असं मी धरतो.

स्पीकर ज्या फळीवर बसतो ती बॅफल. हल्ली ती सर्रास १८ एमएमची घालतात. ट्वीडमध्ये अडीच सुताच्या आसपासची प्लाय असायची. मी एका मोडक्या कपाटाची ९ एमएम प्लाय वापरली आणि ती फक्त वर-खाली पट्ट्यांना स्क्रूने धरली, बाजूंना मोकळी सोडली. सर्वांत जाड ई तारेवर जोरात पिक मारलं की हात लावून कळतं, फळीसुद्धा वाजते. कुणाला हे आवडणार नाही. घट्ट, ठोस मेटल रिदमसाठी हे कॅबिनेट नाहीच. मागच्या उघड्या बाजूने येणारा आवाज पुढच्याला खालच्या पट्टीत खातो, त्यामुळे पोटात बसणारा दणका मिळत नाही.

स्पीकर जुन्या बाजारातला, कुठल्यातरी मंडळाच्या पीए बॉक्समधून, म्हणजे कार्यक्रमात लावायच्या मोठ्या स्पीकरमधून निघालेला. घेताना दोन गोष्टी केल्या. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, दोन्ही हातांनी हलकेच आत दाबून कान लावला. त्यामागची तारेची कॉइल घासत असेल तर खरखर ऐकू येते. मग मीटर लावला. साडेसहा ओहम दाखवले. मीटरवर आकडा नेहमी थोडा कमी येतो, म्हणजे स्पीकर ८ ओहमचा. माझा अँप १५ वॉटचा, व्हॉल्व्हचा. त्याला जुळणारा ओहम हवाच, आणि स्पीकर न जोडता तो वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आवाज सुरुवातीला कर्कश होता. गाण्यातले शब्द स्पष्ट यावेत म्हणून अशा पीए स्पीकरच्या मधोमध एक छोटा कोन असतो. गिटारच्या स्पीकरला पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नकोच असतं, डिस्टॉर्शनची किरकिर तिथेच राहते. तो छोटा कोन ब्लेडने अलगद कापून काढला आणि गिटार एकदम माणसात आली. मात्र हे परत जोडता येत नाही, आणि चांगल्या स्थितीतल्या किमती स्पीकरवर करू नये.

जाळीला आधी तरट लावलं होतं. दिसायला झकास, पण आषाढात त्याला असा वास सुटला की घरच्यांनी कॅबिनेट गॅलरीत ठेवायचं ठरवलं. आता दोसुती, म्हणजे जाडसर सुती कापड आहे, ओली करून ताणून ठोकलेली. वाळल्यावर ढोलासारखी बसते. कुठलंही कापड घ्या, तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली पाहिजे.

पावसाळ्यात आवाज थोडा मंद झाला. कागदी कोन दमट हवा पितो. वाजवायच्या आधी अर्धा तास पंखा लावायचो, तेवढ्याने भागलं. मधेच एका ठरावीक सुरावर भणभण सुरू झाली. फोनवरून हळूहळू सूर चढवत नेला, तर आवाज कॅबिनेट उचलायला लावलेल्या, बोहरी आळीतून आणलेल्या ट्रंकेच्या कडीचा निघाला. खाली चामड्याचा तुकडा घातला, विषय संपला.

खर्च सुताराच्या मजुरीसह साडेतीन-चार हजार. नवीन गिटार स्पीकर घातला तर याच्या दुप्पट सहज होईल, तरी परवडत असेल तर घाला, कारण आवाजातला मोठा वाटा स्पीकरचाच असतो. ब्लूज, जुनी हिंदी गाणी, स्वच्छ कॉर्ड्स यांना हे कॅबिनेट फार छान. भिंतीपासून हातभर पुढे ठेवा; मागची बाजू भिंतीला चिकटवली तर निम्मी मजा जाते. रेकॉर्डिंगला माइक कोनच्या मधोमध न धरता थोडा कडेला घ्या, दोसुतीच्या बाहेरूनच.